झाकलेला ट्रे

१

भागवतरावांच्या हातातला चहाचा पेला आधी थरथरला, मग निसटला, आणि बियाण्यांचा एवढा मोठा कारखानदार माणूस त्या बुटक्या जपानी टेबलावर कपाळ टेकून ओकायला लागला. शेजारच्या नंदाबाई "अहो, काय झालं" म्हणत उठायला गेल्या आणि त्याही भिंत धरून खाली बसल्या. "घर फिरून राह्यलं," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

सरकत्या दाराशी महजबीन उभी होती. ती हॉटेलची मॅनेजर, पण त्या घटकेला तिला ना पाणी आणायचं सुचलं ना कुणाला हाक मारायचं. पाचावर धारण बसणं म्हणतात ते हेच.

'हिनोकी' म्हणजे जालन्यातलं नवलच. लोखंडाच्या मिलवाल्या घराण्यातला हरिओम काही वर्षं जपानात काढून आला आणि एमआयडीसीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून, त्यानं हे लाकडी, गुळगुळीत हॉटेल थाटलं. गाव पोट धरून हसलं. कच्चा मासा, आणि तो जालन्यात? मग रविवारचा नाश्ता आणि जेवण एकातच उरकायची ब्रंचची टूम निघाली, आणि जे हसत होते तेच बायकापोरांसह रांगेत उभे राहायला लागले. आपल्या माणसांचं असंच असतं. स्वयंपाकघर होतं महजबीनच्या धाकट्या भावाच्या, अबुबकरच्या हाती. हसनाबादच्या फकरोद्दीन शिंप्याचं हे पोरगं दुबईच्या जपानी हॉटेलात हात बसवून आलं होतं.

त्या दिवशी आतल्या खोलीत पाच माणसं होती. भागवतराव आणि नंदाबाई यांच्या लग्नाचा वाढदिवस, म्हणून त्यांचा मुलगा कल्याण आणि सून तृप्ती यांनी हा बेत केलेला. पोरानं कॅलेंडरवरची तारीख बघितली, तिथी कोण बघतो. नेमकी संकष्टी निघाली. लेकाचं मन मोडू नये म्हणून म्हातारा-म्हातारी आली खरी, पण हिरव्या चहाशिवाय दोघांनी कशाला हात लावला नाही. पाचवी दैवशाला, नंदाबाईंची धाकटी विधवा बहीण. ती बहिणीच्याच घरी आश्रयाला असे. तिचा उपास तर असा कडक, की चंद्र दिसेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही.

"आईबाबांनी चहाबिगर काहीच घेतलं न्हाई," कल्याण ओरडत होता. "मंग चहातच घातलं कुणीतरी. चहा कुणी केल्ता?"

चहा अबुबकरनं केला होता.

अँब्युलन्स गेली आणि पाठोपाठ कंपनीतली माणसं, भाऊबंद, कोण कोण येऊन थडकले. अबुबकरला त्यांनी स्वयंपाकघरातून ओढून बाहेर आणलं. पोलीस येईपर्यंत त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. महजबीन मधे पडली तर कुणीतरी तिलाही ढकललं.

आणि मग हॉटेलच्या कॅमेऱ्यात ते दिसलं. अबुबकरच्या हाताखालचा पोऱ्या मासा कसा कापतो ते बघायला कल्याण आणि तृप्ती पुढच्या काउंटरवर गेले होते. त्याच वेळी अबुबकर मागच्या बाजूनं आतल्या खोलीत शिरला. खानसामा कधी स्वतः वाढायला जात नाही. त्याच्या हातात ट्रे होता, वरून पांढऱ्या फडक्यानं झाकलेला. त्या खोलीच्या ऑर्डरीत असलं काहीच नव्हतं.

"काय होतं ट्रेमध्ये?" पोलिसांनी विचारलं.

अबुबकरनं मान खाली घातली.

२

फौजदार शिवकन्या ही बाई तशी तोंडानं फटकळ, आणि त्या दिवशी तर जास्तच, कारण सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. संकष्टी तिचीही होती.

"तुमचा भाऊ मुका हाय का, बाई?" ठाण्यात तिनं महजबीनला विचारलं. "चार वेळा विचारलं. चहात काही न्हाई म्हणतो, आणि ट्रेचं नाव काढलं की खाली मान. तिकडं डॉक्टर डोकं धरून बसलेत. दोघांचे हातपाय थरथरून राह्यले, नजर ठरत न्हाई. पोटात काय गेलं ते कळंना. बियाण्याला लावायच्या औषधाची बाधा समजून उपचार चाललेत, सगळा अंदाज. म्हातारा गेला तर हा खुनाचा गुन्हा हाय."

महजबीननं भावाला भेटू द्या म्हणून हात जोडले.

अबुबकर बाकावर बसला होता. बहीण दिसताच त्यानं सुजलेला डोळा दुसरीकडे वळवला.

"अबू, ले क्या गया अंदर?"

"आपा, मैं कुछ नइ डाला."

"वो मेरेको मालूम है. ले क्या गया वो बोल."

"नइ बोल सकता."

"अरे, बाहर लोगाँ पत्थर लेके खड़े हैं. तेरेको फाँसी होंगी."

तो इतकं हळू बोलला, की तिला वाकावं लागलं. "जबान दियूँ आपा."

"किसको?"

शिपायानं त्याला उठवलं आणि आत नेलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

महजबीन शिवकन्यासमोर येऊन उभी राहिली. जबान कुणाला दिली? विष घालायला सांगणाऱ्याला? की विष घातलेलं बघितलं म्हणून? आपला भाऊ आपल्याला ठाऊक आहे असं माणूस छातीवर हात ठेवून म्हणतं, पण अशा वेळी ती छातीच धडधडत असते. तरी तिनं जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.

शिवकन्यानं खुर्ची मागं सारली. "म्हणजे दुसरं माणूस हाय. चला. कोण कुठं बसलं, कोण कधी उठलं, ते तुम्हाला माहीत. दवाखान्यात माझ्यासोबत या."

३

दवाखान्याच्या व्हरांड्यात कल्याणनं महजबीनला पाहिलं आणि तो अंगावरच आला. शिवकन्यानं त्याला हातानं थोपवलं.

"तुमचं आणि वडिलांचं गेल्या आठवड्यात कारखान्यात भांडण झाल्तं म्हणे."

कल्याणचा चेहरा उतरला. "कंपनी विकायची का न्हाई, याच्यावरून. बापलेकात होत न्हाई का?"

"बियाण्याच्या औषधाच्या गोदामाची चावी कुणाकडं असती?"

"माझ्याकडं." मग त्याला प्रश्नाचा रोख कळला आणि तो भिंतीला टेकला. "मॅडम, माझा बाप हाय तो. आज त्याला खूश करायचं म्हणून तर नेल्तं."

तृप्ती रडून रडून लाल झाली होती. हॉटेल तिनंच निवडलेलं. काउंटरवर फोटो काढायला कल्याणला तिनंच नेलेलं.

"दोघंच का गेलात?"

"आईच म्हणाल्या, जा, बघून या. एकदा आम्ही न्हाई म्हणालो तर बाबा पण म्हणाले, जा जा, आमची काळजी करू नका." ती पदरानं नाक पुसत बोलली. "मला वाटलं, उपासाच्या माणसाला आमच्या माशाचा वास नको झाला असंल."

शिवकन्याच्या भुवया वर गेल्या.

शेवटी दैवशाला. ती कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. ओठ हलत होते, मणी मात्र एकाच जागी. तिचं सासर हसनाबादचं, फकरोद्दीनच्याच गल्लीतलं. महजबीन आणि अबुबकर लहानपणापासून तिला मावशी म्हणत.

महजबीन तिच्यासमोर खालीच बसली. "मावशी, तुम्ही खोलीतच होत्या ना? अबूनं काय आणल्तं? तुम्ही सांगा, सुटंल तो."

"मी न्हवते गं बाई तिथं." दैवशालानं तिच्याकडे पाहिलंच नाही. "हात धुवायला गेल्ते. मला काय माहीत?"

महजबीन उठली आणि शिवकन्याला बाजूला घेऊन गेली. "मॅडम, हात धुवायची जागा माझ्या टेबलासमोर हाय. मावशी तिथं आल्याच न्हाईत."

"मंग कुठं गेल्त्या?"

"बाहेर जायला दुसरा रस्ता एकच. स्वयंपाकघराच्या मागून."

आतून नर्स धावत आली. भागवतरावांची नाडी पडत होती.

४

हिनोकीच्या पुढच्या काचा फुटल्या होत्या. हरिओम शटर अर्धं ओढून आत बसला होता, आणि महजबीनला बघून त्यानं नुसती मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो. पण बाहेर माणसं उभी होती, आणि ती ज्याच्या नावानं ओरडत होती तो तिचा भाऊ होता.

शिवकन्या हरिओमशी बोलत राहिली, महजबीन आत गेली. तिला एकच गोष्ट टोचत होती. हिनोकीत बसल्याबरोबर गिऱ्हाइकाला हात पुसायला गरम ओला रुमाल देतात. आतल्या खोलीनं आज ते रुमाल दुसऱ्यांदा मागवले होते, आणि तेही कल्याण-तृप्ती काउंटरवर असताना. म्हणजे खोलीत राहिलेल्यांनी. नुसता चहा पिऊन कुणाचे हात खराब होतात?

धुण्याच्या पिशवीतून तिनं रुमाल उपसले. दोन रुमाल तेलकट निघाले. तिनं नाकाशी धरले. साजूक तूप आणि जिरं.

हिनोकीच्या स्वयंपाकघरात तूपही नाही आणि जिरंही नाही.

मग ती वेड्यासारखी भांडी उलथीपालथी करायला लागली. शेवटी, मोठ्या पातेल्याच्या मागं, फडक्यात गुंडाळलेला एक तवा सापडला. तवा नवा कोरा, दुकानाची चिकटपट्टी अजून दांड्याला. बुडाशी तुपाचा थर. वास तोच, रुमालाचाच.

म्हणजे अबूनंच शेकलं काहीतरी. अबूनंच नेलं. त्यांनी खाल्लं आणि पडले.

महजबीननं नळ सोडला. बाहेर कुणीतरी पुन्हा दगड मारला, काच खळकन वाजली. तवा धुतला तर पुरावा नाही आणि पुरावा नाही तर फाशी नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. बाप मरताना म्हणाला होता, पोराला सांभाळ. तिनं साबण हातात घेतला. पण धुतला तर खरं काय तेही वाहून जाणार होतं, आणि ते खरं आपल्याला सोसवेल की नाही याची तिलाच खात्री नव्हती. ती तशीच उभी राहून रडायला लागली.

"नळ बंद करा," मागून शिवकन्या म्हणाली.

महजबीननं नळ बंद केला आणि तवा आणि रुमाल तिच्या हातात दिले. शिवकन्यानं एकदाच वास घेतला.

"सकाळपासून उपाशी हाय मी. हा वास मला झोपेतसुद्धा कळंल. उपासाची भाकर हाय ही." ती तव्याकडं बघत राहिली. "पण आणली कुणी?"

दोघी मागच्या दारानं बाहेर आल्या. भागवतरावांची गाडी अजून तिथंच उभी होती. गडबडीत तिची आठवणच कुणाला राहिली नव्हती. ड्रायव्हर कचरू मागच्या सीटवर आडवा पडला होता. झोपलाय म्हणून महजबीननं काचेवर टकटक केलं.

तो झोपलेला नव्हता. त्याचे हात भागवतरावांसारखेच थरथरत होते.

५

कचरूला बोलताही येत नव्हतं. त्याला जीपमध्ये घातलं, आणि शिवकन्यानं सीटखालून चुरगळलेला चंदेरी कागद उचलला. त्यात भाकरीचे तुकडे होते. दवाखान्यापर्यंत ती ते पुन्हा पुन्हा नाकाशी धरत राहिली, आणि जीप थांबायच्या आधीच बोलायला लागली.

"कचरू हॉटेलात शिरला?"

"न्हाई. ड्रायव्हर लोक मागंच थांबतात."

"चहा घेतला?"

"न्हाई."

"मंग चहा सुटला, आणि तुमचं हॉटेल सुटलं. विष भाकरीतच होतं, आणि भाकर घरची. कल्याणनं घातलं म्हणावं, तर त्याला डब्याचा पत्ताच न्हवता, म्हातारा-म्हातारीनं त्यालाच दोनदा सांगून बाहेर घालवलं. का? तर लेकानं एवढं हौसेनं हॉटेलात आणलं आणि आपण डबा खातो, हे त्याला दिसू नये म्हणून. हॉटेलाच्या दारात पाटी हाय, बाहेरचं आत आणू नये. म्हणून डबा मागून आला. तुमच्या भावाकडं आणून दिला कुणी? खोलीतलं तिसरं माणूस तुमच्या समोरून गेलंच न्हाई."

"मावशी," महजबीन म्हणाली. "मावशीनं विष घातलं?"

"विष घालणारं माणूस उरलेली भाकर ड्रायव्हरला देत न्हाई. ते जाळतं, पुरतं. घरातली बाई मात्र देती. भाकर उरली आणि बाहेर माणूस उपाशी बसलंय, तर तिचा हात आपोआप जातो. म्हणजे तिला माहीतच न्हवतं." शिवकन्या खाली उतरली. "भगरीच्या पिठाची भाकर हाय. भगरीचं पीठ ठेवून ठेवून खराब झालं की असंच होतं, चक्कर, थरथर, उलट्या. आपल्याकडच्या कोणत्या डॉक्टरला हे ठाऊक न्हाई? पण पेशंटनं चहाबिगर काही घेतलंच न्हाई, असं पोरगा शपथ घेऊन सांगत होता. डॉक्टर तरी काय करणार?"

डॉक्टरनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. चालू असलेली औषधं बंद झाली, दुसरी सुरू झाली. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणीतरी खात्रीनं काहीतरी केलं.

नंदाबाईंनी अर्धीच भाकर खाल्ली होती. संध्याकाळी त्या शुद्धीवर आल्या, नजर ठरली. शिवकन्यानं दैवशालाला त्यांच्या पलंगापाशी उभं केलं. कल्याण, तृप्ती, महजबीन, सगळे तिथंच.

"बोला आता," शिवकन्या म्हणाली. "एक माणूस कोठडीत बसलंय तुमच्यापायी."

दैवशालाला बांध राहिला नाही. पीठ मागच्या नवरात्रातलं होतं. डब्याच्या तळाशी राहिलेलं, जरा कुबट. टाकवेना. बहिणीच्या घरात राहून अन्न टाकायचा हात होत नाही. म्हणून जिरं जास्त घातलं, तूप सोडलं. आणि अक्का-दाजी उपाशी बसणार म्हणून भाकरी डब्यात भरून आणल्या.

"पण मग गप्प का बसलात, मावशी?" महजबीननं विचारलं. "त्याला मारलं त्यांनी. डोळा बघा जाऊन त्याचा."

"पिठाचं मी सांगितलं असतं गं," दैवशाला म्हणाली. "खरंच सांगितलं असतं. पण मंग भाकर गरम कुठं झाली ते सांगावं लागलं असतं. अक्काला गार भाकर जात न्हाई. मागच्या दारानं अबूकडं गेले. त्यानं बिचाऱ्यानं कपाटातला नवा तवा काढला, साबणानं दोनदा हात धुतले, मला म्हणला, मावशी, ह्याच्यावर आजवर काही शिजलं न्हाई, बेफिकीर राहा. पण ते मासळीचं घर. आणि अक्काची चतुर्थी, देवाचा उपास. मी अक्काला सांगितलं, गाडीत गरम डब्यात ठेवल्त्या, अबूनं नुसत्या ट्रेत घालून आणल्या. अबूच्या हातापाया पडले, म्हणलं, कुणाला सांगू नको, न्हाईतर अक्का मला घरात ठेवायची न्हाई. मला कुठं जायला जागा हाय?"

कल्याण खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. ज्या माणसाला त्याच्या भाऊबंदांनी मारलं होतं त्यानं त्याच्या आईसाठी दोनदा हात धुतले होते.

नंदाबाईंनी उशीवरची मान वळवली. त्यांचा आवाज खरवडल्यासारखा निघत होता.

"येडी हायेस का गं दैवे? तव्यावरून उतरलेली भाकर होती ती, पापुद्र्यातून वाफ निघत होती. डब्यातली भाकर अशी ऱ्हाती का? मला पहिल्या घासालाच कळलं."

दैवशाला बघतच राहिली. "अन् तरी खाल्ली?"

"भूक लागल्ती. पोरानं मनानं शेकून दिल्ती. देवाला काय तवा दिसतो का?" त्यांनी डोळे मिटले. "तू विचारलं असतं तर सांगितलं असतं."

दैवशाला पलंगाच्या दांडीला धरून खाली बसली. महजबीन तिच्याजवळून बाहेर निघाली. तिला हात लावावा, समजूत घालावी असं तिच्या मनात आलं नाही, आणि आलं नाही याचं तिला वाईटही वाटलं नाही.

ठाण्यात शिवकन्यानं स्वतः अबुबकरला बाहेर आणलं. तिनं त्याची माफी मागितली नाही, पण पायरीपर्यंत सोबत आली. भागवतरावांची रात्र निघाली तर धोका टळला, असं डॉक्टर म्हणाल्याचंही तिनं सांगितलं.

बहीणभाऊ पायरीवर उभे राहिले. रस्त्यावरून मिलची पाळी सुटलेली माणसं मोटारसायकलींवर जात होती आणि त्यातली काही वळून बघत होती.

"मावशी कैसी है?" अबुबकरनं विचारलं.

"सब बोल दी वो. तेरेको छोड़ा इसलिएच."

"और अक्का? घर से निकाल दी क्या उसको?"

महजबीनला सांगावंसं वाटत नव्हतं. पण उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं नंदाबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं. गरम भाकर, वाफ, पहिला घास.

अबुबकर ऐकत राहिला. एका डोळ्यानं तो तिच्याकडं बघत होता, दुसरा उघडतच नव्हता.

"उनको मालूम था," तो म्हणाला. "तो मैं किसके वास्ते चुप बैठा आपा?"

महजबीननं आपली ओढणी सोडली, त्याच्या डोळ्यावरून, डोक्यावरून गुंडाळली, म्हणजे घरापर्यंत रस्त्यावर कुणाला त्याचं तोंड दिसणार नव्हतं, आणि स्कूटी सुरू केली.